पाणी गेलं

अंजू निपाने अकरा वर्षांनी नर्सिंगमध्ये परतली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की आपल्याला आता धड बसता येत नाही आणि धड उभंही राहवत नाही. खुर्चीत टेकलं की वाटायचं, कोणीतरी बघतंय आणि मनात म्हणतंय, बाईंना घरी बसायची सवय आहे. उभं राहिलं की हात रिकामे वाटायचे. मग ती उगाच ट्रेवरचं झाकण उचलून पुन्हा ठेवायची, पडदा सारखा करायची, भिंतीवरचा तक्ता वाचायची. तक्ता तिला तोंडपाठ होता. तरी वाचायची.

तिने नोकरी सोडली तेव्हाचं बाळंतपण वेगळं होतं. तेव्हा नाळ झटक्यात कापायची आणि ज्या सिस्टरचा हात जलद ती हुशार. आता म्हणे थांबायचं, नाळेची धडधड शांत होईपर्यंत बाळ आईच्या पोटावर ठेवायचं. तेव्हा कळा येणाऱ्या बाईच्या पोटावर वरून दाब द्यायचे, आता तसं केलं तर नोटीस. तेव्हा घरच्या बायकांना दाराबाहेर हाकलायचे, आता एक बाई सोबत हवीच. अंजूने हे सगळं नव्याने शिकून घेतलं होतं, चाळिशी उलटल्यावर, डोळ्यांवर चष्मा चढवून, बारावीतल्या रोशनीच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून. मुलगी कंटाळून झोपायची, आई वाचत राहायची.

बिनाकीतल्या त्यांच्या घरात एक खोली होती, तिथे अंजूच्या नवऱ्याच्या, भूपेशच्या आजोबांचा हातमाग होता. माग केव्हाच मोडीत गेला, भूपेश बुटीबोरीच्या सूतगिरणीत पाळ्या करू लागला आणि त्या खोलीत सासूबाईंची खाट आली. कौसल्याबाईंना लकवा झाला तेव्हा अंजू एका मोठ्या दवाखान्यात लेबर रूम सांभाळत होती. सहा महिन्यांसाठी म्हणून तिने रजा घेतली. सहा महिन्यांची अकरा वर्षं कशी झाली, हे तिला विचारू नये, तिचं डोकं फिरतं. मागच्या दिवाळीनंतर सासूबाई गेल्या. अंजू मनापासून रडली, आणि महिन्याभरात तिने कपाटाच्या तळातून सर्टिफिकेटं काढली, हेही तितकंच खरं.

एका ट्रस्टच्या प्रसूतिगृहाने तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. ते तीन महिने येत्या शनिवारी संपत होते. शनिवारी इनचार्ज सिस्टर तिच्या कागदावर सही करणार, की बाई कामाला योग्य आहेत. नाही केली, तर चव्वेचाळीसाव्या वर्षी पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, हे अंजूला पक्कं ठाऊक होतं. इनचार्ज होती दामिनी, वय एकतीस. बोलताना ‘ताई, ताई’ करायची आणि चुका मात्र लाल पेनाने लिहायची.

हे सगळं घडलं त्या आठवड्यातल्या मंगळवारी. मे महिना, बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं, आणि सकाळी नऊलाच दवाखान्याच्या गच्चीवरचा पंप जळाला. नळ दोनदा खाकरले आणि गप्प झाले. तेव्हापासून जो तो येऊन अंजूच्या टेबलाशी एकच गाऱ्हाणं गात होता. पाच नंबरची आई, सात नंबरची नणंद, झाडूवाली बाई, सगळ्यांचं तेच, सिस्टर, पाणी गेलं. आणि अंजू सगळ्यांना तेच सांगत होती, येईल, वरती सांगितलंय.

तीन नंबरच्या खाटेवर कन्हानची पिंकी होती. बावीस वर्षांची, पहिलटकरीण. कळा नुकत्याच सुरू झालेल्या, बाळाचं डोकं अजून वरच होतं. सोबत सासू, जिजाबाई, शेतात राबलेली काटक बाई. दवाखान्यातल्या थंडगार फरशीवर आपल्या पायाचे ठसे उमटतील म्हणून ती टाचा उचलून चालायची. साडेदहाला अंजूने पिंकीच्या पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकले होते, एकशे बेचाळीस, अगदी ठणठणीत. पुढची तपासणी साडेअकराला.

दहा चाळीसला जिजाबाई टेबलाशी आली. घड्याळ अंजूच्या डोळ्यांसमोर होतं, त्यामुळे वेळेबद्दल तिला नंतरही कधी शंका घेता आली नाही. जिजाबाईच्या हातात स्टीलचा रिकामा तांब्या होता.

“सिस्टर, पाणी गेलं जी,” ती म्हणाली.

अंजू कोणाचातरी डिस्चार्जचा कागद लिहीत होती. तिने मान वर केली, तांब्या बघितला, आणि मान पुन्हा खाली घातली.

“येईल मावशी, अर्ध्या घंट्यात,” ती म्हणाली. “वरती सांगतलं आहे. तुम्ही बसा तिच्यापाशी, घाबरू नका.”

जिजाबाईचा चेहरा निवला. “हाव जी,” म्हणत ती टाचा उचलत परत गेली.

बस, एवढंच झालं. दोन बायका, दोन वाक्यं, आणि दोघींचं पूर्ण समाधान.

साडेअकराला अंजू यंत्र घेऊन तीन नंबरला गेली. पिंकी कुशीवर वळून खाटेचा कठडा धरून होती. जिजाबाई तिची पाठ चोळत होती. अंजूने चादर बाजूला केली. पिंकीच्या अंगाखाली जुन्या लुगड्याची नीट घडी घातलेली होती, आणि ती घडी भिजून हिरवी झाली होती. घट्ट, गडद हिरवी. बाळाने आतच शी केली होती, म्हणजे बाळ आत अडचणीत होतं. तिने यंत्र ठेवलं. ठोके शहाण्णव.

“पाणी केव्हा गेलं हिचं?” तिने विचारलं. “मले सांगतलं काहून नाही?”

जिजाबाईने आश्चर्याने बघितलं. “सांगतलं ना जी तुमाले. तांब्यातल्या पाण्यानं तिचे पाय धुतले अन् तुमच्यापाशीच आली. तुमी म्हणल्या, येईल अर्ध्या घंट्यात. वरती डॉक्टरले सांगतलं म्हणल्या. मंग मी कपडा लावून देल्ला अन् वाट पाहत बसली.” मग हळूच, सिस्टरला वाईट वाटू नये अशा बेताने, “आता घंटा होऊन राह्यला. अजून आलं नाही लेकरू.”

अंजूला सगळं एकदम कळलं. कळलं आणि तेवढ्यापुरतं बाजूला ठेवावं लागलं, कारण हात कामाला लागले होते. पिंकीला डाव्या कुशीवर केलं, ऑक्सिजन लावला, नाळ तर खाली आली नाही ना ते तपासलं, बेल दाबली. जिजाबाईला कोणीतरी बाहेर नेलं. डॉक्टरबाई धावत आल्या, मागून दामिनी.

“पाणी कधी गेलं?” डॉक्टरबाईंनी हातमोजा चढवत विचारलं.

“आत्ता,” अंजू म्हणाली. “साडेअकरा.”

असं बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. शनिवार बोलला तिच्या तोंडून. आणि फाइलीत वेळ लिहायची वेळ आली तेव्हा तिच्याच हाताने तिच्याच वळणदार अक्षरात लिहिली गेली, अकरा तीस.

बारा वाजून सात मिनिटांनी सिझर करून मुलगी झाली. दोन किलो सातशे. ती रडली नाही. टेबलावर तिला पुसलं, फुग्याने श्वास दिला, आणि जवळजवळ मिनिटभर त्या खोलीत फक्त फुग्याचा आवाज होता. अंजू पुसलेलं फडकं हातात गच्च धरून उभी होती. मग मुलगी कुरकुरली, चिडली आणि रडली. डॉक्टरबाई मास्कच्या आतून काहीतरी चांगलं बोलल्या. अंजूला ते ऐकू आलं नाही.

बाळाला काचेच्या खोलीत ठेवलं. मुलगी श्वास जरा जलद घेत होती, अंजूने मिनिटभर मोजले तर चौसष्ट भरले. बाळांचे डॉक्टर आले, फाइल चाळली, आणि त्यांची भुवई वर गेली.

“पाणी साडेअकरालाच गेलं? इतकं घट्ट हिरवं होतं म्हणून विचारतोय. आत्ताच गेलं असेल तर चार वाजता आईकडे देऊन टाकू. तासभर आधी गेलं असतं तर मी हिला आजची रात्र इथेच ठेवली असती, नजरेखाली.”

“हो, साडेअकरा,” अंजू म्हणाली. पहिलं खोटं घाबरून निसटलं होतं. हे दुसरं तिने चांगलं उभं राहून, डोळ्यांत बघून सांगितलं, आणि त्याची तिला स्वतःचीच किळस आली.

बाहेर व्हरांड्यात जिजाबाईला कंठ फुटला होता. जो भेटेल त्याला ती सांगत होती. “आमच्या सिस्टरनं आंधीच सांगतलं होतं, अर्ध्या घंट्यात येईल म्हून. थोडा टाइम लागला, पण आलीच पोरगी. मोठ्या हुशार हाय त्या. घाबरू नका म्हणे, वरती सांगतलं आहे म्हणे.” सात नंबरची नणंद मान डोलावत होती. झाडूवाली ऐकत होती. अंजू तिथून तीनदा गेली, कारण दुसरा रस्ताच नव्हता, आणि तिन्ही वेळा जिजाबाईने तिला हात जोडले. कोणीतरी शहाणं माणूस ही गोष्ट ऐकेल, पाणी कधी गेलं आणि येईल कधी म्हटलं याचा हिशोब लावेल, या भीतीने अंजूच्या पाठीला घाम फुटला. पण भीतीपेक्षाही तो नमस्कार तिला सोसवेना. शिवी दिली असती तर ती खाली मान घालून ऐकता आली असती.

दोनला पाळी संपली. अंजूने कपडे बदलले, गाडी काढली, तोंडाला ओढणी बांधली आणि निघाली. डांबर मऊ पडलं होतं. गोळीबार चौकापर्यंत ती आली आणि सिग्नल हिरवा झाला तरी तशीच थांबली. मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून तिला बाजूला काढलं. एका पानठेल्याच्या सावलीत गाडी लावून ती उभी राहिली.

तिला समजून घ्यायचं होतं, की आपण चुकीचं ऐकलं कसं. बारा वर्षांपूर्वी लेबर रूममध्ये कोणी ‘पाणी गेलं’ म्हटलं असतं तर तिच्या हातातला पेन खाली पडायच्या आत ती खाटेशी पोचली असती. त्या खोलीत त्या दोन शब्दांना दुसरा अर्थच नव्हता. आणि मग आली ती अकरा वर्षं. पहाटे पाऊण तास नळ. खाटेवरून सासूबाईंची हाक, अंजू, पाणी आलं वं. पुन्हा हाक, अंजू, पाणी गेलं वं. पाण्याचे गुंड भरले का, ड्रम भरला का, कपडे राहिले का. दिवसाचं सगळं वेळापत्रक त्या दोन हाकांवर चालायचं. पुस्तकं वाचून तिने हात बदलले, डोळे बदलले, नवी औषधं पाठ केली. कान मात्र घरचाच राहिला होता. तो तपासणं तिच्या काय, कुठल्याच तपासणाऱ्याच्या यादीत नव्हतं. या विचाराने तिला रडू आलं, आणि रडतानाच तिला स्वतःचा रागही आला, कारण चूक एका गोष्टीची होती आणि ती रडत होती भलत्याच गोष्टीसाठी. नळाचं समजली, हे तिने कोणाच्याही तोंडावर सांगितलं असतं. वेळ खोटी लिहिली त्याचं काय?

आता पावणेतीन होत आले होते. चारला बाळ आईकडे देणार होते, आणि चौसष्ट हा आकडा डोक्यातून जात नव्हता. तिने गाडी वळवली.

दामिनी नर्सिंग रूममध्ये उशिराचा डबा खात होती. “ताई, गेल्या होत्या ना तुम्ही?”

“तीन नंबरची फाइल दे,” अंजू म्हणाली. ती बसली नाही. फाइलीत तिने अकरा तीसवर एकच सरळ रेघ मारली, खालचं दिसेल अशी. त्याच्या बाजूला दहा चाळीस लिहिलं, सही केली, तारीख आणि आत्ताची वेळ टाकली. मग खाली लिहिलं, नातेवाइकांनी दहा चाळीसला सांगितले होते, मी समजण्यात चूक केली, नंतर वेळ खोटी नोंदवली. ‘खोटी’ हा शब्द लिहिताना हात अडला, पण तिने दुसरा शोधला नाही.

“आधी बाळाच्या डॉक्टरांना फोन कर,” ती म्हणाली. “मग मला काय बोलायचं ते बोल.”

दामिनीने वाचलं आणि फोन केला. फोन ठेवल्यावर म्हणाली, “बाळ आज इथेच राहील.” मग तिने डबा बंद केला. “काय समजलात तुम्ही?”

“नळाचं.”

दामिनीच्या ओठाशी हसू आलं होतं, ते तिने गिळलं. “ते मी समजू शकते, ताई. सकाळपासून मी पण तेच ऐकून राहिली होती. माझंही झालं असतं. पण खोटी वेळ काहून लिहिली?”

“शनिवार आहे म्हणून.”

असं सरळ उत्तर दामिनीला अपेक्षित नव्हतं. तिने लाल पेनाचं टोपण लावलं. “हे मला मेट्रनना सांगावं लागेल. शनिवारी मी सही करणार नाही. त्या हो म्हणाल्या तर आणखी तीन महिने पाहू, आणि पहिला महिना एकटीने एकही बेड घ्यायचा नाही. माझ्यासोबत नाहीतर दुसऱ्या सिस्टरसोबत. त्या नाही म्हणाल्या तर मी काही करू शकणार नाही.”

“बरं.”

“आणि त्या आजीला कोण सांगणार? चारला बाळ मिळणार म्हणून ती केव्हाची नवी टोपी घेऊन बसली आहे.”

“मी सांगते,” अंजू म्हणाली.

जिजाबाई काचेच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. अंजूला बघून ती उठू लागली, हात जोडू लागली. अंजूने ते हात धरले आणि खाली केले.

“मावशी, पोरगी आज रात्री तुम्हाले मिळत नाही. इथंच ठेवतील. आणि ते माझ्यामुळं आहे.” मग तिने सगळं सांगितलं, न थांबता, कुठेही मऊ न करता. तुम्ही पिंकीचं पाणी म्हणाल्या, मी नळाचं ऐकलं. मी नळाचं येईल म्हटलं, तुम्ही लेकराचं ऐकलं. तासभर पोरगी तशीच राहिली. वर मी डॉक्टरांना खोटी वेळ सांगितली.

जिजाबाईला समजायला वेळ लागला. समजलं तसा तिचा चेहरा आवळत गेला. हातातली टोपी तिने मांडीवर ठेवली.

“म्हंजे वरती डॉक्टरले सांगतलंच नव्हतं?”

“नाही. वरती पंप पाहाले माणूस गेला होता.”

“मंग मले आता काहून सांगून राह्यल्या? मले तं काई समजलंच नसतं.”

अंजू उभीच राहिली. बाकावर जागा होती, पण तिथे बसायचा हक्क आपण घालवला आहे असं तिला वाटत होतं.

“इचाराचं होतं ना वं,” जिजाबाई म्हणाली. आता तिच्या बोलण्यात सिस्टर नव्हतं, जीही नव्हतं. “कोनतं पाणी, येवढंच इचाराचं होतं. इचाराले काय लागते?”

“हो. इचाराचं होतं.”

जिजाबाई काचेकडे बघत राहिली. काचेवर आतून वाफ धरली होती, पलीकडे नुसत्या निळ्या पांढऱ्या आकृत्या दिसत होत्या. दोनदा तिने डोळे चोळले. मग एकदम अंजूकडे वळून चिडून म्हणाली, “आता इथं उभ्या काहून हाय? मले आत जाऊ देत नाही थे लोक. तुमाले जाऊ देते. जा, पाहा तिले, अन् येऊन मले सांगा कशी हाय. खरं सांगा.”

आतल्या सिस्टरने अंजूला अडवलं नाही, फक्त मनगटावरची वेळ बघितली, की हिची पाळी तर संपली होती. अंजूने बादलीतल्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन घातला आणि पेटीशी उभी राहिली. मुलगी झोपली होती. ओठ गुलाबी. नाकपुड्या शांत. अंजूने घड्याळ समोर धरलं आणि छातीवरची हालचाल मोजायला लागली, पूर्ण एक मिनिट, एकही श्वास गृहीत न धरता. मग खात्रीसाठी आणखी एक मिनिट.

बाहेर येऊन तिने सांगितलं, “झोपली आहे. रंग चांगला आहे. श्वास मिनिटाला बावन्न.”

जिजाबाई उठून तिच्या अगदी समोर आली.

“बावन्न म्हंजे,” तिने विचारलं, “चांगलं का वाईट?”

“चांगलं, मावशी,” अंजू म्हणाली. “साठच्या खाली पाहिजे असते. दुपारी चौसष्ट होते.”